पुतण्याच्या विहिरीवर माझी मोटार सापडली, मग चोर तोच ना?

पत्राचा सारांश : हे पत्र यवतमाळ जिल्ह्यातील एका कास्तकाराचे आहे. डिसेंबरमध्ये एका रात्री त्यांच्या वावरातल्या विहिरीवरून तीन एचपीची मोनोब्लॉक मोटार आणि केबल चोरीला गेली. तक्रार देऊन काही निष्पन्न होत नाही असे वाटून ते ठाण्यात गेले नाहीत. एकोणीस दिवसांनी तीच मोटार त्यांना चुलतभावाच्या विहिरीवर बसवलेली दिसली. मागल्या वर्षी मोटार भरून (तिची वायंडिंग नव्याने करून) घेतली होती, तेव्हा वायंडरने तिच्या अंगावर ठोकलेली दोन अक्षरे त्यांनी ओळखली. चुलतभावाचा तेवीस वर्षांचा मुलगा म्हणतो की, तालुक्याच्या बाजाराच्या दिवशी एका भंगारवाल्याकडून त्याने ती रोख ५,५०० रुपयांना घेतली आणि चिठ्ठीचपाटी काही नाही. अशी चालू मोटार नऊ-दहा हजारांच्या खाली मिळत नाही, असे पत्रलेखक लिहितात. तंटामुक्त समितीचे म्हणणे आहे की मुलाने माफी मागून दंड भरावा आणि विषय संपवावा. काही जण बेड्यावरच्या (गावाबाहेरच्या पारधी वस्तीवरच्या) लोकांवर बोट ठेवतात. पोलिसांनी चौदावे रत्न दाखवले की पोरगा कबूल करेल, असेही काहींचे मत आहे. पत्रलेखकाच्या पत्नीला भावकीत पोलीस नको आहेत. रात्रीतून जाऊन मोटार काढून आणावी, असे पत्रलेखकाच्या मनात आहे. ते विचारतात : ‘माल त्याच्याकडे सापडला, म्हणजे चोर तोच ठरला ना? आणखी पुरावा कशाला लागतो?’

भाऊ,

तुमच्या पत्रात दोन मागण्या एकमेकींत गुंतल्या आहेत आणि त्या सुट्या केल्याशिवाय पुढचे काही नीट दिसणार नाही. एक मागणी मोटार परत मिळण्याची आहे, कारण गहू ओंबीवर येण्याआधी पाणी द्यायचे आहे. दुसरी, पुतण्याला चोर ठरवण्याची. पहिलीसाठी दुसरी सिद्ध व्हावी लागते, असे तुम्ही गृहीत धरले आहे. तसे नाही. १९३० च्या वस्तुविक्री कायद्याच्या कलम २७ प्रमाणे विकणाऱ्याकडे जी मालकी नाही, ती तो घेणाऱ्याला देऊ शकत नाही. भंगारवाल्याने चोरीची मोटार विकली असेल, तर तुमच्या पुतण्याने कितीही सचोटीने आणि पूर्ण पैसे मोजून ती घेतली असली तरी मालक तुम्हीच राहता. त्याने आपले पैसे त्या विकणाऱ्याकडून मागायचे. म्हणजे मोटार तुमची आहे एवढे दाखवता आले, तर ती तुम्हाला मिळण्याचा मार्ग मोकळा आहे, मग मुलगा चोर निघो, फसलेला गिऱ्हाईक निघो किंवा या दोहोंच्या मधला कोणी निघो.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येतो. तुम्हाला जे वाटते त्याला कायद्यात आधार आहे, आणि तो जुना आहे. १८७२ च्या पुरावा कायद्याच्या कलम ११४ खाली पहिलेच उदाहरण याचे होते आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात ते कलम ११९ खाली तसेच ठेवले आहे : चोरीनंतर लवकरच ज्याच्या ताब्यात चोरीचा माल सापडतो, तो एकतर चोर असतो किंवा माल चोरीचा आहे हे माहीत असून त्याने तो घेतलेला असतो, असे न्यायालय गृहीत धरू शकते, जर त्याला त्या ताब्याचा खुलासा करता आला नाही तर. हे वाक्य सावकाश पुन्हा वाचा. त्यात ‘धरू शकते’ असे आहे, ‘धरलेच पाहिजे’ असे नाही. त्यात ‘चोर किंवा माहीत असून घेणारा’ असे दोन पर्याय आहेत, आणि दोघांची कलमे वेगळी आहेत. भारतीय न्याय संहितेत चोरीसाठी कलम ३०३ आहे, तर चोरीचा माल अप्रामाणिकपणे घेणाऱ्यासाठी किंवा जवळ ठेवणाऱ्यासाठी कलम ३१७. आणि त्यात खुलाशाला जागा ठेवलेली आहे.

याच कलमात कायदा करणाऱ्यांनी उलट बाजूचेही उदाहरण दिले आहे. एका दुकानदाराच्या गल्ल्यात खूण केलेला चोरीचा रुपया सापडतो. तो कोणाकडून आला हे त्याला सांगता येत नाही, पण धंद्यात त्याच्याकडे सतत रुपये येत असतात. अशा वेळी न्यायालयाने ही गोष्टही लक्षात घ्यावी, असे कायदा सांगतो. तुम्ही ज्याला ‘आणखी पुरावा कशाला’ म्हणता, त्याचे उत्तर कायद्याने दीडशे वर्षांपूर्वीच देऊन ठेवले आहे : माल सापडला की प्रश्न उभा राहतो, आणि तो कसा सुटेल हे आजूबाजूच्या गोष्टींवर ठरते. तुमच्या प्रकरणात या आजूबाजूच्या गोष्टी कोणत्या, ते पाहू.

सगळ्यांत कच्चा दुवा तुमच्याच बाजूला आहे, आणि तो म्हणजे तुम्ही तक्रार दिली नाही. ताब्यावरून काढायचा निष्कर्ष मुळात ‘चोरी झाली’ या पायावर उभा असतो, आणि आज त्या चोरीची कागदावर कुठेही नोंद नाही. बचावाचा वकील पहिला प्रश्न हाच विचारील की, एकोणीस दिवस तुम्ही गप्प का होतात. म्हणून आजची तक्रार देताना उशिराचे खरे कारण त्यात लिहा आणि मोटार गेल्याचे दुसऱ्या दिवशी ज्यांना सांगितले, शेजारचा धुरेकरी असो, वायरमन असो की पोलीस पाटील, त्यांची नावे द्या. तक्रार उशिरा दिली एवढ्यावरून प्रकरण बुडत नाही. कारण न सांगितलेला उशीर मात्र नडतो.

दुसरा मुद्दा ओळखीचा. वायंडरने ठोकलेली अक्षरे ही चांगली खूण आहे, पण तो वायंडर प्रत्येक मोटारीवर आपल्या दुकानाची तीच दोन अक्षरे ठोकत असेल, तर ती खूण त्याच्या सगळ्या गिऱ्हाइकांची झाली. ती तुमच्या नावाची आहेत की त्याच्या दुकानाची, हे त्याला विचारा. मोटार भरल्याची पावती किंवा त्याच्या वहीतली नोंद, विकत घेतानाचे बिल आणि त्यावरचा नंबर, घरातल्या कोणाच्या मोबाइलमध्ये विहिरीचा फोटो निघाला असेल आणि त्यात मोटार दिसत असेल तर तो फोटो, हे सगळे गोळा करा. नेमप्लेट काढून टाकली असेल, तर तीही एक बोलकी गोष्ट आहे. पण ती कोणी काढली हे त्यावरून कळत नाही.

तिसऱ्या मुद्द्यावर मला थोडे थांबायचे आहे, कारण विदर्भातल्या भावकीत तो नेहमी येतो आणि नेहमी दुर्लक्षिला जातो. तुम्ही पत्रात ओझरते लिहिले आहे की ती विहीर चुलतभावाची आणि त्याच्या दोन भावांची सामाईक आहे. मग मोटार नेमकी कोणाच्या ताब्यात सापडली? विहिरीवर तिघांची पाळी असते, स्टार्टरच्या पेटीची चावी कोणाकडेही असू शकते आणि वावराला दार नसते. पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला सर्वोच्च न्यायालयापुढे ‘त्र्यंबक विरुद्ध मध्य प्रदेश राज्य’ हे प्रकरण आले होते (त्या वेळी आपला विदर्भही मध्य प्रदेशातच होता). त्यात दागिने एका उघड्या शेतातून मिळाले होते. त्या शेतात कोणालाही जाता-येता येत होते, म्हणून माल आरोपीच्याच ताब्यात होता असे ठामपणे म्हणणे अवघड आहे, असे न्यायालयाने सांगितले. चोरीचा माल घेतल्याच्या गुन्ह्यासाठी काय काय सिद्ध व्हावे लागते, हेही त्या निकालात आहे : माल आरोपीच्या ताब्यात होता, त्याआधी तो दुसऱ्याच्या ताब्यात होता, आणि तो चोरीचा आहे हे आरोपीला माहीत होते. तुमचा पुतण्या ‘मी विकत घेतली’ असे स्वतः म्हणतो आहे, त्यामुळे सध्या ताब्याबद्दल वाद नाही. उद्या घरच्यांच्या किंवा वकिलाच्या सांगण्यावरून तो हे वाक्य बदलू शकतो. म्हणून त्याने हे कोणासमोर, कधी आणि कोणत्या शब्दांत सांगितले, ते आजच वहीत तारखेसह लिहून ठेवा, आणि त्याचे शब्द आहेत तसेच लिहा.

‘लवकरच’ म्हणजे किती दिवस, याचे ठरलेले माप नाही. १९८३ च्या ‘एराभद्रप्पा विरुद्ध कर्नाटक राज्य’ या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, ते प्रत्येक प्रकरणाच्या वस्तुस्थितीवर आणि वस्तूच्या स्वरूपावर ठरते. जी वस्तू सहज या हातातून त्या हातात जात नाही, तिच्या बाबतीत जास्त काळही ‘लवकर’च्या आत बसू शकतो. त्या प्रकरणात आरोपी फरार होता आणि दागिन्यांच्या बाबतीत वर्षभराचे अंतरही जास्त मानले गेले नाही. तुमचे एकोणीस दिवस कमीच आहेत. मात्र रब्बीच्या हंगामात जुन्या मोटारी किती झपाट्याने हात बदलतात, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे, आणि ते न्यायालयालाही सांगितले जाईल.

राहिला त्याचा खुलासा, आणि खरे वजन इथेच आहे. तुमच्या दृष्टीने तो खुलासा कुचकामी आहे : भंगारवाल्याचे नाव नाही, चिठ्ठी नाही, भाव जवळपास निम्मा. मला तो अपुरा वाटतो, पण खोटा आहे असे पत्रावरून म्हणता येत नाही. बाजाराच्या दिवशी रोखीने, चिठ्ठीशिवाय जुनी वस्तू घेणे हे आपल्याकडे इतके सर्रास आहे की, तुमच्या घरातलीही एखादी वस्तू तशीच आलेली असेल. आरोपीला आपला खुलासा संशयातीत सिद्ध करावा लागत नाही. तो पटण्याजोगा असला तरी पुरतो, आणि गुन्हा सिद्ध करण्याचे ओझे शेवटपर्यंत सरकार पक्षावरच राहते. किमतीबद्दल बोलायचे, तर २०२२ च्या ‘शिवकुमार विरुद्ध मध्य प्रदेश राज्य’ या निकालात चोरीची भांडी कमी भावात विकल्याचा मुद्दा होता, आणि केवळ कमी भावावरून आरोपीला चोरीची माहिती होती असा निष्कर्ष काढता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. कमी भाव हा एक धागा आहे. त्याच्या जोडीला आणखी काही लागते : नेमप्लेट खरवडणे, रंग बदलणे, मोटार गवताखाली झाकणे, किंवा विचारणाऱ्या प्रत्येकाला वेगळी हकिकत सांगणे. तुमच्या पुतण्याने मोटार रस्त्यावरून दिसेल अशी, भावकीच्या विहिरीवर, वायंडरची अक्षरे तशीच ठेवून बसवली. तुमच्या विहिरीवरून मोटार नेणारा माणूस असे करील का, हा प्रश्न रागात तुमच्याकडून सुटला असावा. तो निर्दोष आहे असे मी म्हणत नाही. पण हा तपशील त्याच्या बाजूचा आहे, आणि तुम्ही तो स्वतःच पत्रात लिहिला आहे.

बेड्यावरच्या लोकांबद्दल गावात जे बोलले जाते, त्यावर मला स्पष्ट लिहायचे आहे. तिथे माल सापडलेला नाही, कोणी कोणाला पाहिलेले नाही, भंगारवाला तिथला आहे असेही कोणी सांगितलेले नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने पारध्यांसह अनेक जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले होते. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, तरी विहिरीवरची मोटार गेली की बोट आजही आधी तिकडेच जाते. ताब्यावरून काढलेल्या निष्कर्षाला निदान एका वस्तूचा आधार असतो, आणि तरीही कायदा त्याला इतक्या अटी घालतो. जिथे वस्तूही नाही, तिथे तुमच्या तक्रारीत त्या वस्तीचा उल्लेख येऊ देऊ नका, मग लिहून देणारा कितीही आग्रह करो. तो अन्याय आहे, आणि त्याने तपासही भलतीकडे जातो.

चौदाव्या रत्नाचेही तसेच. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. कोठडीतल्या आरोपीने दिलेल्या माहितीवरून एखादी गोष्ट नव्याने उघडकीस आली, तर तेवढाच भाग पुराव्यात येतो. आणि तुमची मोटार तर आधीच सगळ्यांना दिसली आहे. म्हणजे मारहाणीतून तुमच्या हाती काही लागणार नाही, एका तरुण मुलाचे शरीर आणि एका घराशी असलेले नाते मात्र मोडेल. संविधानाच्या अनुच्छेद २०(३) प्रमाणे गुन्ह्याचा आरोप असलेल्या कोणालाही स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती करता येत नाही.

आता तुमच्यापुढचे मार्ग. रात्री जाऊन मोटार काढून आणण्याचा विचार मनातून काढून टाका. ती एकदा तुमच्या विहिरीवर आली की, पुतण्याकडे ती होती याचा पुरावा तुम्ही स्वतःच्या हाताने पुसलात; शिवाय चोरीची तक्रार नाही आणि दुसऱ्याच्या विहिरीवरून रात्री आणलेली मोटार तुमच्याकडे, अशी उलटी परिस्थिती उभी राहील आणि खुलासा तुम्हाला करावा लागेल. वादावादीत कोणाला इजा झाली तर वेगळाच गुन्हा.

तंटामुक्त समितीचा मार्ग मी हलका मानत नाही. २००७ पासून तंटामुक्त गाव मोहिमेने गावोगावचे धुऱ्याचे (बांधाचे) आणि पाण्याचे कितीतरी वाद कोर्टाची पायरी न चढता मिटवले आहेत. पण इथे ती समिती माफी मागायला सांगते आहे, आणि माफी म्हणजे कबुली. मुलाने खरोखर विकत घेतली असेल, तर न केलेल्या चोरीची माफी तो जन्मभर गावात वागवील, लग्न जमवतानाही ती निघेल. चोरी केली असेल, तर माफी आणि दंडावर तो फार स्वस्तात सुटतो आणि पुढच्या शिवारातली मोटार जाते. दंड करण्याचा किंवा कोणाला चोर ठरवण्याचा अधिकार समितीला नाही. चोरीचा गुन्हा वस्तूच्या मालकाला तडजोडीने मिटवता येण्याजोगा आहे, त्यामुळे समितीचे काम नंतरही करता येते. खरे काय ते कळल्यावर तडजोड न्यायालयापुढे नोंदवा. गावाने त्या घराशी बोलणे-वागणे तोडायचे ठरवले, तर त्यात तुम्ही सामील होऊ नका. सामाजिक बहिष्कार हा महाराष्ट्रात २०१७ पासून स्वतंत्र गुन्हा आहे.

माझा कौल तक्रारीकडे आहे, आणि ती आजच द्यावी. त्यात तुम्ही पाहिले तेवढेच लिहा : मोटार कधी शेवटची पाहिली, कधी गेली, तिच्या खुणा काय, अमुक तारखेला ती अमुक विहिरीवर दिसली, विहीर कोणाकोणाची आहे, आणि पुतण्या ती विकत घेतल्याचे सांगतो. ‘त्याने चोरली’ हे वाक्य लिहू नका, कारण ते तुम्ही पाहिलेले नाही. मोटारीची किंमत खरी लिहा. तपास आणि खटल्याची पद्धत सांगणाऱ्या नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ५,००० रुपयांपेक्षा कमी किमतीची चोरी अदखलपात्र आहे आणि दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय पोलीस तिचा तपास करू शकत नाहीत. म्हणून भावकीकडे पाहून किंमत कमी लिहिलीत, तर तपासच थांबेल. वाढवूनही लिहू नका. गुन्हा नोंदवला की प्रत तुम्हाला मोफत मिळते. ठाणेदाराने नोंदवायला नकार दिला, तर तीच तक्रार पोलीस अधीक्षकांना टपालाने पाठवा, आणि त्यानेही काही झाले नाही तर दंडाधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो.

पत्नीची भीती अशी की पोरगा लगेच गजाआड जाईल. इथे शिक्षा कमाल तीन वर्षांची आहे, आणि अशा गुन्ह्यात नेहमीचा मार्ग हजर राहण्याच्या नोटिशीचा आहे. अटक करायची तर पोलिसांना कारणे लेखी नोंदवावी लागतात. पोलीस मोटार जप्त करताना पंचनाम्याच्या वेळी हजर राहा आणि जप्तीचे चित्रीकरण होते आहे ना, ते पाहा, कारण आता ते बंधनकारक आहे. त्यानंतर मोटार सुपूर्दनाम्यावर (खटला संपेपर्यंत सांभाळण्याच्या लेखी हमीवर) परत मिळण्यासाठी लगेच न्यायालयात अर्ज द्या. जप्त वस्तू ठाण्याच्या आवारात गंजत पडू नये, फोटो आणि पंचनामा करून ती लवकर परत द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच सांगितले आहे, आणि नागरिक सुरक्षा संहितेने त्यासाठी मुदतीही घातल्या आहेत. वकिलाचा खर्च झेपत नसेल, तर तालुका विधी सेवा समितीकडे जा किंवा १५१०० वर फोन करा. ही मदत निकषांत बसल्यास तुमच्या पुतण्यालाही मिळू शकते.

हे सदर वाचणाऱ्यांत असेही असतील, ज्यांच्याकडे उद्या अशी एखादी वस्तू निघेल. जुनी मोटार, स्टार्टर, फवारणी पंप, दुचाकी, काहीही घेताना साध्या कागदावर विकणाऱ्याचे नाव, गाव, फोन, वस्तूचा नंबर, किंमत आणि तारीख लिहून सही घ्या, एक साक्षीदार ठेवा, आणि पैसे शक्यतो फोनवरून द्या, म्हणजे व्यवहाराची खूण राहते. जनावर असेल तर कानातल्या बिल्ल्याचा बारा अंकी नंबर बाजार समितीच्या पावतीवर आला पाहिजे. जुना मोबाइल घ्यायचा तर त्यावर *#०६# दाबून येणारा नंबर ‘केवायएम’ (KYM) या इंग्रजी अक्षरांनंतर लिहून १४४२२ वर संदेश पाठवा; काळ्या यादीतला फोन असेल तर कळते. विकणारा नाव सांगायला कचरत असेल, तर ती वस्तू फुकट मिळाली तरी घेऊ नका. आणि घेतलेली वस्तू चोरीची असल्याचे कळले, तर ती लपवू नका, परस्पर विकू नका. वकिलाला विचारून, कोणाकडून आणि कशी घेतली ते पहिल्याच दिवशी लेखी सांगा. तोच खुलासा सहा महिन्यांनी साक्षीच्या वेळी पहिल्यांदा बाहेर आला, तर त्याचे वजन फार कमी भरते.

भाऊ, मोटार जप्त झाली की त्याच संध्याकाळी पत्नीला सोबत घेऊन चुलतभावाच्या घरी जा आणि तक्रारीची प्रत त्यांना वाचून दाखवा. त्यात पुतण्याला चोर म्हटलेले नाही, हे त्यांना तुमच्या तोंडून कळू द्या. त्या भंगारवाल्याचा चेहरा, गाडी, बाजारातली जागा, तेव्हा सोबत कोण होते, मोटार कोणाच्या गाडीतून गावात आणली, यांतले जे आठवेल ते ठाण्यात सांगायला मुलाला सांगा. त्याने खरोखर विकत घेतली असेल, तर त्या माणसापर्यंत पोहोचण्याची गरज तुमच्याइतकीच त्यालाही आहे, कारण त्याचे ५,५०० रुपये तिकडे अडकले आहेत.